फळ्यावरचा बेत

पॅरिसचं बिस्त्रो म्हणजे मुळात खाणावळच: टेबलं दाटीवाटीची, पदार्थ मोजके, आजचा बेत खडूने फळ्यावर. पुण्यात आलं की त्याला जरा साहेबी थाट चढतो, एवढंच. प्रभात रस्त्यावरच्या ‘ल प्लेझीर’मध्ये रंगीत माकारों बघून एखादी आजी हमखास विचारणार, “यात अंडं नाही ना?” असतं की! बदामाची पूड, साखर आणि अंड्यातला पांढरा बलक. मैदा मात्र चिमूटभरही नाही. फ्रेंच कांद्याचं सूप तिला जास्त जवळचं वाटावं. कांदा मंद आचेवर चांगला तपकिरी होईपर्यंत परतायचा, वर पाव आणि वितळलेलं चीज. मूळ कृतीत पाणी गोमांसाचं. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशहत्याबंदी, त्यामुळे इथे कोंबडीचं किंवा भाज्यांचं. शाकाहारी मंडळींनी ऑर्डर देण्याआधी विचारून घ्यावं.