फूल डोळ्यांसाठी, तोंडासाठी नव्हे

डॅफोडिल्सशी आपल्यापैकी अनेकांचा परिचय शाळेतील इंग्रजी कवितेपुरताच असतो. कांद्यासारख्या कंदापासून उगवणारे, नर्गिसाच्या जवळच्या नात्यातील हे पिवळे फूल थंड हवेचे. यवतमाळच्या उन्हात ते सहसा दिसत नाही. १८०२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधील अल्सवॉटर सरोवराच्या काठी वर्ड्स्वर्थ आणि त्यांची बहीण डोरोथी यांनी ही फुले पाहिली. डोरोथीने त्यांचे बारकाईने केलेले वर्णन आपल्या दैनंदिनीत लिहून ठेवले. भावाची कविता १८०७ मध्ये प्रसिद्ध झाली. कलेच्या आधी निरीक्षण येते, ते असे.

पुष्पप्रदर्शनांचा पायाही निरीक्षणच. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने डॅफोडिल्सचे १३ विभाग केले आहेत. त्यांतील काही तर केवळ मधला पेला पाकळ्यांच्या तुलनेत किती लांब, यावर ठरतात. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनातही मुले रंग-कागद घेऊन बसतात. आपल्याकडे त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. फाल्गुनात पळस फुलला की आजी-आजोबांनी नातवंडांसह एक फूल समोर ठेवून अर्धा तास चित्र काढावे. मोबाइल बाजूला राहतो आणि गप्पाही होतात.

मात्र घरच्या फुलांच्या मांडणीत एक पथ्य पाळावे. डॅफोडिलच्या कंदात लायकोरीनसारखी विषारी द्रव्ये असतात. तो कांदा समजून खाल्ल्यास मळमळ, उलट्या व पोटदुखी होते. म्हणूनच २०१५ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेने ही फुले भाजीपाल्याजवळ ठेवू नयेत, असे दुकानदारांना बजावले. आपल्या अंगणातील लिली आणि मे फ्लॉवर याच कुलातील. त्यांचे कंदही स्वयंपाकघरात ठेवू नयेत. याहून धोकादायक आहे पिवळी कण्हेर. तिच्या बिया मुले खेळायला घेतात. त्या पोटात गेल्यास हृदयाचे ठोके बिघडून जीव धोक्यात येऊ शकतो.

डॅफोडिलमधूनच मिळणारे गॅलँटामाइन स्मृतिभ्रंशावरील औषध म्हणून वापरले जाते. परंतु औषध मोजून, शुद्ध करून दिलेले असते. कंद चावून ते मिळत नाही.

मुलाने असे काही खाल्ल्याची शंका आली तर मीठपाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये. तोंडातील उरलेला भाग काढून टाकावा, त्या झाडाची फांदी किंवा बी पिशवीत घ्यावे आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. वाहन नसल्यास १०८ क्रमांकावर फोन करावा. कण्हेरीच्या बाबतीत मूल हसत-खेळत असले तरी थांबू नये. त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.

येत्या होळीला मुलांसह पळसाचे चित्र अवश्य काढा. रंगवता रंगवता त्या फुलाचे नाव शिकवा आणि अंगणातील कोणते झाड तोंडात घालायचे नाही, तेही सांगा.