हालांड दिसतो, त्याच्या खालच्या पायऱ्या दिसत नाहीत

जूनमध्ये फुटबॉल वर्ल्डकप सुरू होतोय. मॅचेस अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोत आहेत, त्यामुळे आपल्याकडे रात्रीची जागरणं आणि सकाळच्या लेक्चरला डुलक्या हे ठरलेलंच. यंदा एक टीम तुमच्या लिस्टमध्ये नक्की असेल, ती म्हणजे नॉर्वे. १९९८ नंतर पहिल्यांदा, तब्बल २८ वर्षांनी ही टीम वर्ल्डकपला आलीय. आणि आलीय तीही थाटात. नोव्हेंबरमध्ये त्यांनी इटलीला मिलानमध्ये, म्हणजे त्यांच्या घरात घुसून ४-१ नं हरवलं. क्वालिफायरमध्ये एकट्या अर्लिंग हालांडनं १६ गोल मारले.

आता जरा आकडे बघा. नॉर्वेची लोकसंख्या साधारण ५५ लाख. २०११ च्या जनगणनेत आपल्या जालना जिल्ह्याची लोकसंख्या होती जवळपास १९ लाख ५९ हजार. म्हणजे तीन जालना जिल्हे एकत्र केले, तर अख्खा नॉर्वे त्यात मावतो आणि वर जागा उरते.

हे ऐकलं की कट्ट्यावर लगेच कुणीतरी म्हणतं, "मग आपल्याकडे का नाही होत हालांड?" पण या प्रश्नाला उत्तरच नाही. हालांड एखादाच होतो, नॉर्वेतसुद्धा. विचारायचं असेल तर हे विचारा की हालांड व्हायच्या आधी पोरगं जिथं खेळतं, त्या जागा आपल्याकडे किती आहेत?

सहा क्लब, चार देश, सात वर्षं

त्यासाठी हालांडच्या आधी त्याच्या कॅप्टनकडे बघू. मार्टिन ओडेगार्ड. आज तो आर्सेनलचा कॅप्टन आहे आणि नॉर्वेचाही. २०१४ मध्ये १५ व्या वर्षी तो स्ट्रॉम्सगॉडसेट या आपल्या गावच्या क्लबकडून नॉर्वेच्या टॉप लीगमध्ये उतरला. त्याच वर्षी देशाकडूनही खेळला. जानेवारी २०१५ मध्ये, वय १६, थेट रिआल माद्रिद. मे महिन्यात पहिली लीग मॅच, तीही ख्रिस्तियानो रोनाल्डोच्या जागी मैदानात उतरून. आपल्याकडे असतं तर इथंच स्टोरी संपली असती. पोरगा पोहोचला, हार घाला, फ्लेक्स लावा.

त्याची खरी स्टोरी मात्र इथून पुढं सुरू होते. माद्रिदच्या मुख्य टीममध्ये त्याला जागाच मिळेना. मग २०१७ मध्ये तो लोनवर हॉलंडच्या हेरेनफेनला गेला. तिथून त्याच देशातल्या फिटेसेला. मग स्पेनमध्ये रिआल सोसिदादला. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा लोनवर आर्सेनल, ऑगस्टमध्ये तिथंच कायम आणि २०२२ मध्ये कॅप्टन. म्हणजे सात वर्षांत सहा क्लब आणि चार देश.

लोन म्हणजे काय? खेळाडू एका क्लबच्या मालकीचा, पण ठरावीक काळ दुसऱ्या क्लबकडून खेळतो. मोठ्या क्लबच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा मधल्या क्लबमध्ये दर आठवड्याला ९० मिनिटं खेळ, असा तो सौदा असतो. हेरेनफेन आणि फिटेसे ही नावं आपल्याकडे कुणाच्या टी-शर्टवर दिसत नाहीत. पण ती नसती, तर ओडेगार्ड "एकेकाळी लय गाजलेलं पोरगं" एवढाच राहिला असता.

हालांडचंही तेच. त्याचं गाव ब्रिने, आपल्याकडच्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. तिथल्या क्लबच्या मुख्य टीमकडून तो १६ मॅचेस खेळला. गोल किती? शून्य. होय, प्रीमियर लीगच्या एका सीझनमध्ये ३६ गोल मारणाऱ्या हालांडचे पहिल्या १६ मॅचेसमध्ये शून्य गोल! तरी २०१७ मध्ये मोल्डेनं त्याला घेतलं. मग ऑस्ट्रियात साल्झबर्ग, जर्मनीत डॉर्टमुंड आणि २०२२ मध्ये मँचेस्टर सिटी. प्रत्येक क्लब आधीच्यापेक्षा थोडा मोठा. शिडी म्हणतात ती ही.

नॉर्वेनं नेमकं काय केलं?

"त्यांच्याकडे तेलाचा पैसा आहे, आपल्याकडे काय?" हा मुद्दा खरा आहे. पण वर्ल्डकपपासून लांब राहिलेल्या त्या २८ वर्षांतही नॉर्वेकडे तेल होतंच की. नुसत्या पैशानं टीम बनत नाही. तो पैसा कशात घातला, यावर बरंच ठरतं.

एक म्हणजे मैदानं. तिथं हिवाळ्यात बाहेर खेळणं अवघड, म्हणून गावोगावी कृत्रिम गवताची मैदानं आणि मोठे बंदिस्त हॉल उभे राहिले. हालांड ब्रिनेच्या अशाच हॉलमध्ये वाढला. ओडेगार्डच्या शहरात खडीचं मैदान होतं. पालकांनी पैसे घालून तिथं कृत्रिम गवत बसवून घेतलं, त्यात त्याचे आईवडीलही होते.

दुसरं, घाई नाही. नॉर्वेच्या क्रीडा महासंघाचे लहान मुलांच्या खेळाबद्दल नियम आहेत. ११ वर्षांच्या आतल्या मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते लावायचे नाहीत. १३ च्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाहीत. ब्रिनेत हालांडच्या बॅचला जवळपास ४० मुलं होती आणि कोचनं कुणाला "तुझ्यात दम नाही" म्हणून काढलं नाही. त्यातली काही जण पुढं प्रोफेशनल झाली. वयाच्या दहाव्या वर्षी निवड केली असती तर कोण राहिलं असतं आणि कोण घरी गेलं असतं, सांगता येत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि ती आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला की फीच्या ५ टक्क्यांपर्यंत रक्कम त्याला वयाच्या १२ ते २३ या काळात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटली जाते, असा फिफाचा नियम आहे. हालांड सिटीला साधारण ६ कोटी युरोंना गेला. त्याचे ५ टक्के म्हणजे ३० लाख युरो, आपले सुमारे ३० कोटी रुपये. ब्रिनेचा त्यात एक हिस्सा. म्हणजे लहान क्लबनं पोरगं घडवलं तर त्याचं फळ क्लबलाही मिळतं. आपल्याकडे पोरं शाळेच्या किंवा गल्लीतल्या टीममधून खेळतात. क्लबची आणि खेळाडूची रीतसर नोंदणीच नसेल, तर उद्या पोरगं कुठंही पोहोचलं तरी हा हिस्सा मागणार कोण?

आपली शिडी मधेच तुटते

भारतीय खेळाडू युरोपात गेलेच नाहीत असं नाही. गंमत म्हणजे त्यातला एक नॉर्वेतच गेला. गोलकीपर गुरप्रीतसिंग संधू २०१४ मध्ये ईस्ट बंगालहून स्टॅबेक क्लबमध्ये गेला. तिथल्या टॉप लीगमधली पहिली मॅच मिळायला २०१६ उजाडलं. त्याच वर्षी युरोपा लीगच्या पात्रता फेरीतही तो खेळला. २०१७ मध्ये तो परत आला.

आपल्या महाराष्ट्राचं उदाहरण कोल्हापूरचा अनिकेत जाधव. २०१७ मध्ये १७ वर्षांखालचा वर्ल्डकप भारतात झाला, त्यात तो भारताकडून खेळला. तो कोल्हापूरचा असणं हा योगायोग नव्हे. तिथं पेठापेठांच्या टीम आहेत, पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियम भरतं आणि सीझनभर लीग चालते. अनिकेतला पुढं ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये ट्रेनिंगची संधीही मिळाली. या इंग्लिश क्लबची मालकी २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज ग्रुपकडे आहे. म्हणजे मालक मराठी मुलखातले, खेळाडू मराठी मुलखातला, आणि तरीही तिथं कायम जागा झाली नाही. तो भारतात जमशेदपूर, हैदराबाद अशा क्लबांकडून खेळला.

मधल्या पायऱ्यांचं काय झालं तेही बघा. तरुण खेळाडूंना सीनियर लीगमध्ये मॅचेस मिळाव्यात म्हणून फुटबॉल महासंघानं इंडियन ॲरोज ही टीम चालवली होती. २०१७ च्या बॅचमधले बरेच जण तिथं खेळले. २०२२ मध्ये ती बंद झाली. आयएसएलचा हा सीझन करारांच्या घोळात अडकला. नेहमी सप्टेंबरच्या आसपास सुरू होणारी लीग या फेब्रुवारीत सुरू झाली, तीही छोटी करून. आणि हालांडच्या मँचेस्टर सिटीचा मालक असलेला सिटी फुटबॉल ग्रुप, जो २०१९ मध्ये मुंबई सिटीत आला होता, तो डिसेंबर २०२५ मध्ये बाहेर पडला. तीन वेगळ्या बातम्या, पण तिन्हींचा परिणाम एकच. १८ ते २३ वयाच्या खेळाडूला खेळायला मिळणाऱ्या मॅचेस कमी झाल्या.

"युरोप ट्रायल"च्या जाहिराती

शिडी तुटलेली असली की शॉर्टकट विकणारे येतात. "परदेशी क्लबमध्ये निवड, एवढे लाख भरा" अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. लहान भाऊ किंवा बहीण खेळत असेल तर हे घरी सांगून ठेवा. फिफाच्या नियमानुसार १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली होत नाही. मोजके अपवाद आहेत. उदाहरणार्थ, आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडे राहायला गेले असतील तर. १६ ते १८ ची सवलत युरोपातल्या युरोपात आहे, म्हणून ओडेगार्ड सोळाव्या वर्षी माद्रिदला जाऊ शकला. बदनापूर किंवा मंठ्यातल्या सोळा वर्षांच्या मुलाला तिकडे क्लबचं कॉन्ट्रॅक्ट मिळवून देतो म्हणणारा एकतर नियम जाणत नाही, नाहीतर तुम्हाला फसवतोय.

१८ नंतरही वाट सरळ नाही. २००९ मध्ये सुनील छेत्रीला इंग्लंडच्या क्यूपीआर क्लबनं घ्यायचं ठरवलं होतं. भारताचं रँकिंग खाली, म्हणून वर्क परमिट नाकारलं गेलं. आपलं रँकिंग आजही खालीच आहे. एकट्या खेळाडूचं करिअरसुद्धा सगळ्या देशाच्या फुटबॉलला बांधलेलं असतं ते असं.

जालन्यातून कोण, कसं?

जालन्यात टॅलेंट नाही असं कुणी म्हणालं तर विजय झोलचं नाव घ्या. २०११ मध्ये १९ वर्षांखालच्या कूचबिहार ट्रॉफीत आसामविरुद्ध नाबाद ४५१. २०१२ च्या युवा वर्ल्डकप विजेत्या टीममध्ये, आणि २०१४ मध्ये तर युवा टीम इंडियाचा कॅप्टन. त्या टीममध्ये संजू सॅमसन, श्रेयस अय्यर, कुलदीप यादव होते. ते पुढं सीनियर टीमकडून खेळले, विजयला ती कॅप मिळाली नाही. खेळात असं होतं. पूर्ण शिडी असूनही वर थोडेच पोहोचतात.

पण एक लक्षात घ्या. क्रिकेटमध्ये जिल्हा, राज्य, देश अशा पायऱ्या होत्या, म्हणून जालन्याचं पोरगं देशातल्या सर्वोत्तम पोरांच्या शेजारी उभं राहिलं आणि स्वतःला मोजू शकलं. आपल्याकडच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला ही संधीच येत नाही. तो चांगला होता की नव्हता, हे त्याला स्वतःलाही कधी कळत नाही. आणि मुलींचं तर विचारूच नका. नॉर्वेची अडा हेगरबर्ग २०१८ मध्ये महिलांचा पहिला बॅलन डी'ओर जिंकली. भारताची मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या क्लबकडून महिला चॅम्पियन्स लीगपर्यंत पोहोचली. आपल्या जिल्ह्यात मुलींची एकही टीम नसलेली किती कॉलेजेस आहेत, ते तुम्हीच मोजा.

मोजायचंच असेल तर मॅचेस मोजा

इथं एक साधं गणित करू. शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीनं होतात. समजा १६ टीम आल्या. पहिल्या फेरीत आठ हरल्या. या आठ टीममधल्या प्रत्येक पोराचं त्या स्पर्धेतलं वर्ष एका मॅचमध्ये संपलं. फायनल खेळणाऱ्यांच्याही मॅचेस फक्त चार. ओडेगार्ड हॉलंडमध्ये जेवढं एका महिन्यात खेळत होता, तेवढं आपल्या जिंकणाऱ्या टीमचं सगळं वर्ष!

याच १६ टीमचे आठ-आठचे दोन गट केले आणि लीग खेळवली, तर प्रत्येकाला किमान सात मॅचेस. दर रविवारी एक, दोन महिने. यासाठी कृत्रिम गवत लागत नाही, परदेशी कोच लागत नाही. जालना, अंबड, परतूर, भोकरदनच्या कॉलेजांनी आपापली मैदानं रविवारी सकाळी दिली तरी पुष्कळ. भरतीची प्रॅक्टिस करणारी मुलं पहाटे धावून गेली की तीच मैदानं रिकामी असतात. अडचण शिट्टी वाजवणाऱ्यांची येईल. पण रेफ्रीचे आणि कोचिंगच्या सुरुवातीच्या लायसन्सचे कोर्स तुमच्या-माझ्या वयाच्या मुलामुलींसाठीच आहेत. टीममध्ये जागा मिळाली नाही म्हणून खेळ सोडलेल्यांना ही दुसरी वाट आहे. आणि एखादी टीम दोन-तीन वर्षं टिकली की तिची रीतसर क्लब म्हणून नोंदणी करा. उद्या आपलं पोरगं कुठं पोहोचलंच, तर घडवणाऱ्याचा हिस्सा मागायला कागद हातात हवा.

याने लगेच कुणी युरोपात जाणार नाही. दहा वर्षांतही कदाचित जाणार नाही. पण १६ मॅचेसमध्ये शून्य गोल मारणाऱ्या पोराला सतरावी मॅच मिळेल, आणि आज आपल्याकडे नेमकी तीच मिळत नाही. तेव्हा जूनमध्ये नॉर्वेची मॅच बघताना कुणी "आपला हालांड कधी?" असं म्हणालं, तर त्याला एवढंच विचारा, "तुझ्या कॉलेजची टीम गेल्या वर्षी किती मॅचेस खेळली?"