व्हॉल्व्ह बदलला की आवाज खुलतो?



लॉकडाऊनपासून आपल्या हैदराबादच्या कितीतरी मराठी घरांत माइक आला. कुणी अभंग रेकॉर्ड करतं, कुणी कथावाचन, तर कुणी आजोबांच्या आठवणी जपून ठेवतं. माइकपाठोपाठ येतो प्रीॲम्प. माइकमधून निघणारा संकेत अगदी क्षीण असतो, तो वापरण्याजोगा मोठा करणारी ही डबी. आर्टचा ट्यूब एमपी किंवा बेहरिंगरचा एमआयसी २०० अशा काही स्वस्त प्रीॲम्पमध्ये काचेचा एक व्हॉल्व्हही असतो. मग कुणीतरी सांगतं, "तो व्हॉल्व्ह बदल, आवाज खुलेल." खरंच खुलतो का?

व्हॉल्व्ह आपल्या शहराला नवा नाही. डेक्कन रेडिओ १९३५ मध्ये सुरू झाला, तो अवघ्या २०० वॅटच्या प्रक्षेपकावर. १ एप्रिल १९५० ला तो आकाशवाणीत सामील झाला. ट्रान्झिस्टरचा शोधच डिसेंबर १९४७ चा. म्हणजे निजामाच्या काळात रेडिओवरून घरात आलेला प्रत्येक आवाज व्हॉल्व्हमधून गाळून आलेला होता. रेडिओ लावला की तो गरम होईपर्यंत वाट बघावी लागे, हे ज्येष्ठांना आठवत असेल.

व्हॉल्व्हचा आवाज 'उबदार' का वाटतो? व्हॉल्व्ह मूळ सुरात स्वतःचं थोडं काही मिसळतो, त्यात दुप्पट कंपनांचा सूर ठळक असतो. दुप्पट कंपनं म्हणजे वरच्या सप्तकातला तोच सूर, सा असेल तर तार षड्ज. तो मूळ सुराशी भांडत नाही, त्याला भरीव करतो. तंबोऱ्याची जवारी लावली की तार जशी बोलू लागते, तसंच काहीसं.

आता खरी मेख. या प्रीॲम्पमध्ये बहुधा १२ एएक्स ७ हा व्हॉल्व्ह असतो, युरोपीय नाव ईसीसी ८३. उत्पादकांच्या तक्त्यात त्याला २५० व्होल्टपर्यंतचा दाब देऊन दाखवलेला असतो. अनेक स्वस्त डब्यांत मात्र त्याला त्याच्या कितीतरी कमी दाबावर उपाशी ठेवलेलं असतं. आवाज मोठा करण्याचं मुख्य काम आयसी करतात, व्हॉल्व्ह फक्त रंग भरतो. त्यामुळे महागडा व्हॉल्व्ह बसवूनही फरक उन्नीस-बीसच पडतो. भोपळाच पिचका असेल तर जवारीचा दोरा बदलून तंबोरा किती गोड होणार?

तरी दोन प्रसंगी बदल जरूर करावा. पहिला, व्हॉल्व्ह जुना झाला असेल तर. खरखर, फुसफुस वाढली असेल किंवा डबीवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारली की हेडफोनमध्ये घंटेसारखा नाद घुमत असेल, तर व्हॉल्व्ह थकलेला किंवा सदोष आहे असं समजा. दुसरा, मोठ्या आवाजात गाताना सूर फाटत असेल तर. १२ एएक्स ७ चा वर्धनांक १००. त्याच्या जागी बसणाऱ्या ५७५१ चा ७०, १२ एटी ७ चा ६० आणि १२ एयू ७ चा २० च्या आसपास. कमी आकड्याचा व्हॉल्व्ह लावला तर आवाज थोडा लहान होतो, पण स्वच्छ राहू शकतो. नऊ पायांचा दिसला म्हणून कुठलाही व्हॉल्व्ह खुपसू नका. ईसीसी ८८ दिसायला तसाच, पण त्याची जोडणी वेगळी.

बदलताना आधी माइकचा ४८ व्होल्टचा पुरवठा बंद करा, मग प्लग काढा आणि डबी पूर्ण थंड होऊ द्या. व्हॉल्व्ह सरळ वर ओढा, पिळू नका. नवा बसवताना पायांमधली मोकळी जागा जुळवून घ्या. प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहू शकते. हात बसलेला नसेल तर जाणकाराकडूनच करून घ्या. कोठीच्या गुजराती गल्लीत चौकशी केली तर असा माणूस भेटणं अवघड नाही.

फरक पडला की नाही, हे ठरवायलाही एक युक्ती आहे. एकच ओळ, माइकपासून तेवढ्याच अंतरावरून, आधी आणि नंतर रेकॉर्ड करा. दोन्हींचा आवाज सारखा करा, कारण मोठा असतो तो कानाला उगाच चांगला वाटतो. मग कुठला कोणता हे न सांगता घरच्यांना ऐकवा. सगळ्यांचं उत्तर वेगवेगळं आलं तर पैसे वाचले म्हणायचे!

त्या पैशांत आधी माइकचा स्टँड आणि तोंडासमोरची जाळी घ्या. रेकॉर्डिंगपुरता पंखा बंद ठेवा, कुकरच्या शिट्ट्या होऊ द्या आणि मागे जाड गोधडी टांगा. काचिगुडा, सुलतान बाजारच्या जुन्या घरांतली, उर्दू-तेलुगू शब्द सहज मिसळलेली मराठी बोलणारी पिढी आता थकत चालली आहे. व्हॉल्व्ह पुढच्या महिन्यातही मिळेल. आजीची ओवी मात्र या रविवारीच रेकॉर्ड करा, अगदी मोबाइलवर झाली तरी चालेल.