घरांतील सोयी : झरोक्याची दोरी

स्वयंपाकघरांत आढ्याजवळ झरोका असतो खरा. पण तो उघडणार कोण? हात पोंचत नाहीं, स्टुलावर चढण्याची सासूबाईंस भीति, आणि सुनेस सवड नाहीं! म्हणून फोडणीचा धूर घरांतच कोंडतो.

उपाय अल्प खर्चाचा आहे. झरोक्याची झडप मध्यावर, दोन्ही बाजूंच्या खिळ्यांवर फिरती बसवावी. वरची कड आंत व खालची बाहेर वळेल अशी ती ठेवल्यास पावसाचें पाणी बाहेरच निथळतें. दोन्ही कडांस एकेक दोरी बांधावी; वरची खोलीकडे ओढली कीं झडप उघडते, खालची ओढली कीं मिटते. दोऱ्यांचीं टोकें मुलांचा हात पोंचणार नाहीं अशा उंचीवर आंकड्यास गुंडाळावीं. लोंबता फांस लहानग्याच्या गळ्यास बसूं शकतो.

मात्र झरोक्यावर सर्व भिस्त ठेवूं नये. ऊन हवा हलकी म्हणून वर जाते. सिलिंडरांतील गॅस हवेहून जड, तो गळल्यास जमिनीलगत सांचतो. त्यास खालींही वाट हवी. वास येतांच रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या व दिव्याच्या बटणास हात लावूं नये.

आणि रोज दोरी ओढण्याचें काम? तें घरांतील पुरुषांनीं करावयासही हरकत नाहीं.