चार दिवस जपानचे

जपान म्हटलं की आपल्याकडे लोक एकदम हळवे होतात. सेकंदाला सुटणारी ट्रेन, कमरेत वाकून नमस्कार, आणि मग ते ठरलेलं वाक्य : "चाळीस-पन्नास वर्षांत युरोपच्या बरोबरीला आले बघा!" आमचा क्लायंट जपानी, त्यामुळे ऑफिसात हे जरा जास्तच. मीही त्यातलाच. शनिवारी जपानी भाषेच्या क्लासला जाता जाता मुत्सु मुनेमित्सु नावाचा माणूस सापडला आणि तेव्हापासून ते वाक्य म्हणताना अडखळायला होतं.

१८४४ साली वाकायामाच्या सामुराई घरात जन्म. तरुणपणी साकामोतो र्‍योमाच्या टोळीत. मेइजी सरकारात जमीन महसुलाच्या सुधारणेत हात. मग त्याच सरकारविरुद्धच्या कटात सापडला आणि १८७८ ते १८८३ तुरुंगात! तिथे पठ्ठ्याने काय केलं? बेंथॅमचं भाषांतर. सुटल्यावर युरोपात जाऊन राज्यशास्त्र शिकला, पुढे वॉशिंग्टनमध्ये वकील झाला आणि १८९२ मध्ये परराष्ट्रमंत्री. असा बायोडेटा आपल्याकडे स्क्रीनिंगलाच बाद होईल. :)

त्याच्यापुढे बग होता १८५८ चा. त्या साली जपानने अमेरिका, ब्रिटन वगैरेंशी केलेल्या तहांत एक कलम होतं. परदेशी माणसाने जपानमध्ये गुन्हा केला तर खटला त्याच्याच देशाच्या वकिलातीच्या कोर्टात. म्हणजे काय, ते १८८६ मध्ये कळलं. नॉर्मंटन हे ब्रिटिश जहाज बुडालं. कप्तान आणि गोरे खलाशी होड्यांतून सुटले. सगळे, म्हणजे २५ जपानी प्रवासी बुडून मेले. कोबेच्या ब्रिटिश चौकशीने कप्तानाला आधी निर्दोष ठरवलं. ओरडा झाल्यावर योकोहामाला खटला उभा राहिला आणि शिक्षा झाली तीन महिने. जहाज बुडालं ते मुत्सुच्याच मुलखाच्या किनार्‍याजवळ.

हे कलम घालवायला कितीतरी मंत्र्यांनी डोकं आपटलं होतं. मुत्सुच्या काळात ते साधलं. १६ जुलै १८९४ ला लंडनमध्ये ब्रिटनशी नवा तह झाला आणि ते कलम १८९९ पासून रद्द ठरलं. बाकीचे देश मागोमाग आले. इथे टाळ्या. खरंच टाळ्या.

पण कॅलेंडर पुढे सरकवा. बरोबर एका आठवड्याने, २३ जुलैला, जपानी सैन्य सेऊलमधल्या कोरियाच्या राजवाड्यात घुसलं. २५ ला चिनी जहाजांवर तोफा डागल्या. युद्ध जाहीर झालं १ ऑगस्टला, म्हणजे नंतर. कारण दिलं होतं कोरियात सुधारणा करण्याचं. मुत्सुने पुढे केन्केन्रोकु या आठवणींत, सुधारणांचा आग्रह ही आपल्या लेखी मुख्यतः राजकीय गरज होती, हे लपवलेलं नाही. पुस्तक १९२९ पर्यंत लोकांना मिळालं नाही, यात नवल ते काय?

१८९५ च्या शिमोनोसेकी तहात तैवान आणि २० कोटी तैल (चांदीचं चिनी वजन) दंड मिळाला. त्यातला मोठा भाग लष्कर-आरमारावर गेला, थोडा यावाताच्या पोलाद कारखान्याला. म्हणजे आपण ज्या आधुनिक जपानचं कौतुक करतो, त्याची काही बिलं चीनने भरली. मुत्सु १८९७ मध्ये क्षयाने गेला. १९१० मध्ये कोरिया खालसा झाला.

आणि मला सगळ्यात लागलं ते हे. जे कलम जपानला अपमान वाटत होतं, तेच जपानने १८७६ मध्ये कोरियावर लादलं होतं. १८९६ मध्ये, आपल्यावरचं जाणार हे ठरल्यावर, चीनवरही लादलं. चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे!

"तो काळच तसा होता," हे उत्तर मला ठाऊक आहे. गिळा नाहीतर गिळले जा, हे खोटं नव्हतं. पण याच मुत्सुने १८८८ मध्ये मेक्सिकोशी बरोबरीच्या नात्याने तह केला होता. मेक्सिको काही महासत्ता नव्हती, मान्य. तरी दुसरी रीत त्याला माहीतच नव्हती, असं म्हणता येत नाही.

आता माझी गोष्ट. क्लायंट शुक्रवारी संध्याकाळी रिलीज टाकायचा आणि आमचा शनिवार जायचा. लीड झाल्यावर मी भांडून आमच्यासाठी कॉम्प ऑफ मिळवला. केवढा अभिमान! टीममध्ये दोन टेस्टर दुसर्‍या छोट्या कंपनीतून कॉन्ट्रॅक्टवर आहेत. त्यांचे शनिवार मी बिनदिक्कत लावत होतो, कॉम्प ऑफशिवाय. परवा त्यातला एक सहज म्हणाला, "सर, तो नियम आम्हाला पण आहे का?"

मी म्हणालो, "तुमचं कॉन्ट्रॅक्ट वेगळं आहे." नॉर्मंटनच्या कप्तानाचंही वेगळंच होतं.

सोमवारी मॅनेजरला मेल टाकलाय. उत्तर अजून आलेलं नाही. या शनिवारी त्या दोघांना सुट्टी दिली आणि सपोर्टला मी बसलोय. क्लास बुडाला. असो.