अनोळखी लोकांतच मन मोकळं होतं

अमेरिकेत एमएसला आलेली आपली मुलं घरी फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणतात. कर्ज काढून पाठवणाऱ्या आई-बाबांना दुसरं काय सांगणार? रूममेटला सांगावं, तर तोही त्याच इंटर्नशिपच्या मागे. शिवाय त्याची आई आपल्या मावशीच्या ओळखीची निघते!

म्हणून इथल्या विद्यापीठांतली ग्रुप थेरपी मला आपल्या मुलांसाठी मोलाची वाटते. समुपदेशन केंद्रात साधारण सहा ते दहा विद्यार्थी आठवड्यातून एकदा तास-दीड तास प्रशिक्षित समुपदेशकासोबत बसतात. बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे पडत नाहीत. समोरची कोरियन मुलगी म्हणते, ‘मीही घरी खोटंच सांगते,’ तेव्हा आपल्या पोराला कळतं की हे फक्त आपलंच नाही. आयर्विन यालोम या मानसोपचारतज्ज्ञाने गटाच्या उपयोगांत ही गोष्ट आवर्जून मांडली आहे. एकट्या समुपदेशकाने कितीही समजावलं तरी ती इतकी पटत नाही.

खोलीतलं बोलणं बाहेर न्यायचं नाही, ही पहिली अट. जिवाला धोका असेल, तर समुपदेशक अपवाद करतात. पण जीव नकोसा झाला असेल, तर गटाची वाट बघायची नाही. ९८८ वर कुठल्याही वेळी फोन किंवा मेसेज करता येतो.

आणि पालकहो, मुलगी ‘ग्रुपला जाते’ म्हणाली, तर ‘तुला काय कमी आहे?’ असं कृपया विचारू नका. वार आणि वेळ विचारा, म्हणजे नेमका तेव्हाच तुमचा व्हिडिओ कॉल जायचा नाही.