मुलाचा शब्द पुरा होईपर्यंत

अंधेरीच्या वस्तीतील एखादे लेकरू बोलताना अडखळत असेल, तर त्याच्या आईवडिलांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मजुरीचा. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयातही वाचा-उपचारांची सोय आहे. परंतु दर आठवड्याला खाडा करून तेथे जाणे किती जणांना परवडते? म्हणून मोबाईलच्या पडद्यावरून मिळणाऱ्या वाचा-उपचारांचे आम्ही स्वागत करतो. मात्र इतिहासाचे शिक्षक या नात्याने एक जुनी नोंद पालकांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

१९३९ साली अमेरिकेतील आयोवा राज्यात संशोधक वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने एका अनाथालयातील २२ मुलांवर प्रयोग केला. त्यांतील नीट बोलणाऱ्या सहा मुलांना, ‘तुमच्यात तोतरेपणाची लक्षणे आहेत’ असे वारंवार सांगण्यात आले. ती खरोखर तोतरी झाली का, यावर अभ्यासकांत पुढे मतभेद झाले. पण ती बोलायला कचरू लागली, एवढे निश्चित. विद्यापीठाने क्षमा मागितली ती २००१ साली. ज्यांच्या वतीने जाब विचारणारे कोणी नव्हते, अशा मुलांच्या वाट्याला हे आले.

शिक्का माणसाचे काय करतो, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. तरीही आम्ही स्वतः निर्दोष नाही. हजेरीला अडखळणाऱ्या मुलाला ‘सावकाश, पुन्हा म्हण’ असे सर्वांदेखत आम्ही कित्येकदा सांगितले. हेतू चांगला होता. पण मुलाने पुढे हात वर करणेच सोडले.

याउलट मार्ग ऑस्ट्रेलियातील ‘लिडकम’ पद्धतीने दाखविला. ती सहा वर्षांखालील मुलांसाठी आहे. तज्ज्ञ आईवडिलांना शिकवितात आणि आईवडील घरी रोजच्या बोलण्यात, मूल न अडखळता बोलले की त्याचे कौतुक करतात. वेबकॅमवरून शिकविल्याने या पद्धतीचा गुण उणावत नाही, असे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. म्हणजे पडदा हे केवळ साधन. मुलाला हात देतो तो जवळचा माणूस.

वसतिगृहात तो जवळचा माणूस कोण, हाच आमचा प्रश्न आहे. आपली मुले वयाने मोठी. त्यांची उपचारपद्धती तज्ज्ञच ठरवतील. त्या तज्ज्ञांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे ना, हे आपण पाहावे. उपचारासाठी दार लावता येईल अशी खोली असावी. प्रत्येक मुलासाठी त्याच्या विश्वासातील एक गृहमाता वा शिक्षक नेमावा, आणि उपचार चालू असल्याची वर्गात वाच्यता होऊ नये.

माजी विद्यार्थ्यांनी टॅब अवश्य द्यावेत. त्यासोबत आठवड्यातला एक तासही द्यावा. ‘मूकनायक’ हे नाव उराशी बाळगणाऱ्या समाजाच्या वसतिगृहात कोणतेही मूल हसण्याच्या भीतीने गप्प बसता कामा नये. ते शब्दावर अडले, तर तो शब्द आपण पुरा करू नये. त्याच्याच तोंडून येईपर्यंत थांबावे.